वैमानिकाचं दार अकरावीलाच उघडतं

दहावीचा निकाल लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या घराघरांत एकच प्रश्न घोळू लागतो : बायो घ्यायचं की मॅथ्स? पुसद असो, वणी असो की दारव्हा, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा आई-वडील, शेजारचे मास्तर आणि एखादा शिकवणीवाला मिळून ठरवतात. डॉक्टर व्हायचं तर बायो, इंजिनीअर व्हायचं तर मॅथ्स, एवढाच त्यामागचा हिशेब असतो. त्या घरात एखादं पोरगं लढाऊ विमान चालवायचं स्वप्न बघत असेल, तर त्या स्वप्नाचा निकालही त्याच आठवड्यात, प्रवेश अर्जाच्या एका रकान्यात लागत असतो. घरात तेव्हा कोणाला ते माहीत नसतं. कळतं ते तीन-चार वर्षांनी, हवाई दलाची जाहिरात नीट वाचल्यावर : बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय हवेत.

ज्याने गणित सोडलं त्याच्यासाठी वैमानिकाची वाट तिथेच थांबते. पुढे पदवीला कितीही गुण मिळोत. भूदलात कोणत्याही शाखेतून अधिकारी होता येतं, पण हवाई दलात किंवा नौदलात वैमानिक व्हायला बारावीचं गणित लागतंच. म्हणून मन बायोकडे असलं तरी ज्याच्या डोळ्यांपुढे आकाश आहे त्याने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावं. अभ्यास वाढतो हे खरं. पण अठराव्या वर्षी दोन्ही दारं उघडी राहतात.

यवतमाळ शहराजवळ भारी गावाला धावपट्टी आहे. जवाहरलाल दर्डा यांचं नाव तिला दिलेलं आहे. नांदेड, लातूर, बारामती आणि उस्मानाबादसोबत ती २००९ साली खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिली गेली. नियमित प्रवासी विमान मात्र तिथे उतरत नाही. जिल्ह्यातली बहुतेक मुलं विमान पाहतात ते वावरात उभं राहून, फार उंचावरून जाणारं. नागपूर दीडशे किलोमीटरवर. तिथे हवाई दलाच्या मेन्टेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, पण ते बाहेरून बघायचं. अशा जिल्ह्यात ‘वैमानिक कसं व्हायचं’ हे सांगणारा माणूस शेजारी सापडत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

त्या अडचणीतून पहिला गोंधळ निघतो तो ‘भरती’ या शब्दाचा. पहाटे पाचला मैदानावर धावणारी शेकडो मुलं इथे दिसतात. कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी अग्निवीरसाठी. हवाई दलाचीही अग्निवीरवायू भरती निघते आणि पुष्कळांना वाटतं, एकदा हवाई दलात शिरलो की पुढे विमानही चालवायला मिळेल. तसं होत नाही. भारतात लष्करी विमान चालवतो तो राजादिष्ट म्हणजे कमिशन्ड अधिकारी. अग्निवीरवायूचं काम मानाचं आणि कष्टाचं आहे, पण त्याची वाट वेगळी. विमानाच्या कॉकपिटात जायचं असेल तर अधिकारी होण्याच्या वाटेनेच जावं लागतं, आणि अशा वाटा एकाहून अधिक आहेत. त्यातली कोणती आपली, हे बऱ्याच अंशी वय ठरवतं.

सगळ्यात लवकरची वाट पुण्याजवळच्या खडकवासल्याला जाते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए. केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा तिची परीक्षा घेतो. अभ्यासक्रम सुरू होताना उमेदवाराचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस असावं लागतं. हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. बारावीत शिकत असतानाही अर्ज करता येतो, अकरावीत असताना नाही.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. समजा, आर्णीजवळच्या एखाद्या गावातल्या मुलाचा जन्म जूनमधला आहे आणि अठरा वर्षं पूर्ण होता होता तो बारावी होणार आहे. त्याला एनडीएची पहिली परीक्षा देता येते बारावीचं वर्ष चालू असताना, सप्टेंबरच्या सुमारास. दुसरी बारावीची बोर्डाची परीक्षा झाल्यावर, एप्रिलच्या आसपास. तिसरी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. चौथीचा अभ्यासक्रम सुरू होतो तेव्हा त्याचं वय साडेएकोणीसच्या पुढे गेलेलं असतं. म्हणजे तीन संधी. त्यातली पहिली, म्हणजे बारावीत असतानाची, ग्रामीण भागातली बरीच मुलं माहिती नसल्यामुळे वाया घालवतात आणि दोनच उरतात. एखाद्या वर्षी अर्जाची तारीख हुकली तर एकच.

परीक्षा ९०० गुणांची. गणिताला ३००, सामान्य क्षमता चाचणीला ६००, त्यातले २०० इंग्रजीचे. प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत असतात, मराठीत नसतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाला गणित जड जात नाही. त्याला जड जातो तो गणिताचा शब्द. ‘विकलन’ शिकलेलं पोरगं ‘डिफरन्सिएशन’पाशी क्षणभर थांबतं, आणि १२० प्रश्न अडीच तासांत सोडवायचे असताना असे क्षण महागात पडतात. यावर इलाज एकच आहे आणि तो फुकटचा आहे : अकरावीपासून गणित आणि भौतिकशास्त्राची पुस्तकं इंग्रजीतून वाचायची.

लेखी उत्तीर्ण झाला की पुढचे ९०० गुण मुलाखत आणि चाचण्या घेणाऱ्या निवड मंडळाच्या हातात असतात.

ज्यांना एनडीएचं वय उलटल्यावर जाग येते त्यांच्यासाठी पदवीनंतरच्या वाटा आहेत. लोकसेवा आयोगाचीच सीडीएस परीक्षा आणि हवाई दल स्वतः घेतं ती ॲफकॅट, म्हणजे एअर फोर्स कॉमन ॲडमिशन टेस्ट. उड्डाण शाखेसाठी दोन्हीकडे वय २० ते २४. ज्याच्याकडे आधीच व्यावसायिक वैमानिकाचा परवाना आहे त्याला २६ पर्यंत सवलत मिळते. ॲफकॅटला बारावीत गणित आणि भौतिकशास्त्रात प्रत्येकी किमान ५० टक्के आणि पदवीला ६० टक्के लागतात. परीक्षा संगणकावर आणि फक्त इंग्रजीत होते. ज्याने अकरावीला गणित ठेवलं त्यालाच हे दार दिसतं, हे इथे पुन्हा सांगायला हवं.

या वाटांतला मोठा फरक पुढच्या नोकरीत दिसतो. एनडीए आणि सीडीएसमधून कायमस्वरूपी कमिशन मिळतं. ॲफकॅटमधून उड्डाण शाखेत आलेल्याला अल्पकालीन, १४ वर्षांचं. चौदा वर्षांनी माणूस छत्तिशी-अडतिशीत असतो, हाताशी उड्डाणाचा मोठा अनुभव असतो आणि पुष्कळजण नागरी विमान कंपन्यांकडे वळतात. ज्या घरात एकाच पगारावर धाकट्या भावंडांचं शिक्षण आहे, त्या घराने हा फरक आधीच समजून घ्यावा. सुरुवातीला मात्र दोन्हीकडे सारखंच : फ्लाइंग ऑफिसरचं मूळ वेतन ५६,१०० रुपये आणि त्यावर १५,५०० रुपये सैनिकी सेवा वेतन, भत्ते वेगळे. प्रशिक्षण सरकारी खर्चाने होतं. खासगी संस्थेत वैमानिकाचा परवाना काढायला कित्येक लाख रुपये मोजावे लागतात. कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या घराला ते झेपणारं नाही. इथे एनडीएच्या अर्जाचे १०० रुपये लागतात. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना तेही माफ आहेत.

पदवीच्या काळात एक तिसरी वाटही आहे आणि विदर्भातल्या मुलांनी ती ध्यानात ठेवावी. एनसीसीच्या हवाई शाखेचं ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्यांसाठी काही जागा राखीव असतात. त्यांना लेखी परीक्षा द्यावी लागत नाही, थेट निवड मंडळासमोर जाता येतं. यवतमाळात शिकणाऱ्या मुलाला सहसा भेटते ती एनसीसीची भूदल शाखा. हवाई शाखेसाठी नागपूर गाठावं लागतं, तिथे २ महाराष्ट्र एअर स्क्वॉड्रन आहे. पदवीसाठी नागपूरला जायचं ठरलंच असेल, तर कॉलेज निवडताना तिथे हवाई शाखेची तुकडी आहे का, हा प्रश्न वसतिगृहाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

नागपूरचंच एक उदाहरण घ्या. अंतरा मेहता. नागपुरात शाळा, नागपुरातच अभियांत्रिकीची पदवी आणि २०१८ साली हवाई दलात फायटर पायलट. महाराष्ट्रातली पहिली महिला लढाऊ वैमानिक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पदवीनंतरची वाट त्यांनी धरली, कारण त्या काळी मुलींना दुसरी वाटच नव्हती. अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग या देशातल्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक १८ जून २०१६ रोजी रुजू झाल्या, तेव्हाही एनडीए फक्त मुलांसाठी होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये अंतरिम आदेश दिला आणि मुलींना एनडीएची परीक्षा देता आली. २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली. ३० मे २०२५ रोजी तिथल्या दीक्षान्त संचलनात १७ मुली मुलांच्या बरोबरीने बाहेर पडल्या. सुरुवातीच्या जाहिरातींत हवाई दलाच्या उड्डाण शाखेच्या ९२ जागांपैकी मुलींसाठी दोन होत्या. दोन जागा कमीच आहेत आणि त्या वाढायला हव्यात. तरीही घाटंजीच्या नववीतल्या मुलीला आज जे विचारता येतं, ते तिच्या मोठ्या बहिणीला विचारता येत नव्हतं.

आता उमरखेडच्या बाजूला वळू. उमरखेडहून पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्ह्यातला हदगाव तालुका लागतो. त्या तालुक्यात हस्तरा नावाचं गाव आहे. हवाई दलाचे माजी प्रमुख एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांचं घराणं मूळचं तिथलं. ते एनडीएच्या वाटेने गेले, २९ डिसेंबर १९८२ रोजी फायटर पायलट म्हणून कमिशन घेतलं, मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची विमानं चालवली, ३,८०० तासांहून अधिक उड्डाण केलं आणि ३० सप्टेंबर २०२१ ला देशाच्या हवाई दलाची सूत्रं हाती घेतली. त्यांच्या आधी हृषीकेश मुळगावकर, अनिल टिपणीस आणि प्रदीप नाईक ही मराठी माणसं त्या पदावर होऊन गेली होती. कारगिलच्या युद्धात टिपणीस प्रमुख होते. यवतमाळच्या हद्दीला लागून असलेल्या तालुक्याशी नातं सांगणारा माणूस तिथवर पोचला, ही गोष्ट उमरखेड-महागावच्या शाळांमध्ये एकदा तरी सांगितली जावी. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरची माती, पिकं आणि बोली सारखीच आहे.

निवड मंडळाविषयी मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त भीती आणि सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. हवाई दलाची ही मंडळं देहरादून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणी आहेत. एकूण पाच दिवस. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि एक धूसर चित्र बघून गोष्ट लिहिणं आणि तिच्यावर गटात बोलणं. यात जे टिकत नाहीत ते त्याच संध्याकाळी परतीच्या वाटेला लागतात. उरलेल्यांची मानसशास्त्रीय चाचणी होते. समोर एकेक शब्द झळकतो, पंधरा सेकंदांत मनात आलेलं वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. मग साठ प्रसंग आणि अर्ध्या तासात त्यांची उत्तरं. लिहायला हिंदी चालते. नंतर मैदानावर दोर, फळ्या आणि पिंपं देऊन गटाला अडथळा पार करायला लावतात. तिथे बघणारा अधिकारी ताकद मोजत नाही. दुसऱ्याच्या डोक्यातली चांगली कल्पना तुम्ही उचलून धरता का, हे तो बघतो. बैलगाडी चिखलात रुतली की चार जण मिळून ती कशी काढतात हे ज्याने पाहिलं आहे, त्याला हा खेळ परका वाटू नये.

यात नापास झालं तर पुन्हा प्रयत्न करता येतो. दोनदा, पाचदा, वयाची अट आहे तोवर. सहाव्या-सातव्या प्रयत्नात निवड झालेले अधिकारी सैन्यदलांत आहेत.

पण वैमानिकांसाठी आणखी एक चाचणी असते आणि तिची गोष्ट निराळी. तिचं नाव सीपीएसएस, संगणकावर आधारित वैमानिक निवड चाचणी. आयुष्यात ती एकदाच देता येते. एनडीएतून आलेला असो की ॲफकॅटमधून, एकदा नापास झाला की त्याला पुन्हा कधीही, कोणत्याही मार्गाने लष्करी वैमानिक होता येत नाही. तो त्याच दलात दुसऱ्या शाखेचा अधिकारी होऊ शकतो, विमानाचा चालक नाही.

चाचणीचे दोन भाग. एका भागात विमानातली उपकरणं वाचायची : उंची, वेग, दिशा, विमान कोणत्या बाजूला कललं आहे. कसं वाचायचं ते तिथेच आधी समजावून सांगतात. दुसऱ्या भागात उमेदवार एका छोट्या खोपटात बसतो. समोर पडदा, हातात दांडा, पायाखाली दोन पेडल. पडद्यावरचा ठिपका सतत सरकत असतो, तो हातापायांच्या मदतीने चौकटीत धरून ठेवायचा. तेवढ्यात दिवा लागतो, कानात आवाज होतो, त्याला वेगळं बटण दाबून उत्तर द्यायचं, आणि हे करताना ठिपका सुटता कामा नये. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर अरुंद धुऱ्यावरून उलटा घेणारी पोरं यवतमाळात गावोगाव आहेत. हात एकीकडे, पाय दुसरीकडे, नजर तिसरीकडे. त्या खोपटात लागतं ते याच जातीचं कसब, कितीतरी पट वेगात. पाठांतर करून ते येत नाही. ‘सीपीएसएस हमखास पास’ अशी पाटी लावून पैसे घेणाऱ्यांपासून पालकांनी लांब राहावं. आदल्या रात्री पुरेशी झोप आणि तिथे दिलेल्या सूचना नीट ऐकणं, यापलीकडे तिची तयारी फारशी नाही.

चाचणीनंतर वैद्यकीय तपासणी. इथे कष्ट कामाला येत नाहीत, फूटपट्टी येते. वैमानिकासाठी किमान उंची साधारण १६२.५ सेंटिमीटर. पायाची लांबी ९९ ते १२०, मांडीची ६४ पर्यंत, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर. कॉकपिटची जागा ठरलेली असते. पाय पेडलपर्यंत पोचले पाहिजेत आणि आणीबाणीत आसनासकट बाहेर फेकलं गेलं तर गुडघे पुढच्या फळीला धडकता कामा नयेत. डोळ्यांचा नियम आणखी कडक. लांबचं धूसर दिसतं म्हणून उणे नंबरचा चष्मा लागलेला असेल तर उड्डाण शाखेचं दार बंद होतं. डोळ्यांवर लेझर शस्त्रक्रिया केलेल्यांना पदवीनंतरच्या वाटेत काही अटींवर संधी आहे, पण ती शस्त्रक्रिया विसाव्या वर्षाच्या आधीची चालत नाही. म्हणून आठवी-नववीत एकदा नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन पूर्ण तपासणी करून घ्यावी, रंग ओळखण्याचीसुद्धा. दोन तासांचं काम आहे. वर्षानुवर्षं स्वप्न जोपासून बेंगळुरूच्या किंवा दिल्लीच्या तपासणीत हे पहिल्यांदा कळणं फार क्रूर असतं.

आणि दात. वैद्यकीय नियमांत दातांचे गुण मोजतात, किमान १४ लागतात. हे इथे मुद्दाम लिहायचं कारण तंबाखूचा खर्रा. यवतमाळच्या कोणत्याही चौकात सोळा-सतरा वर्षांची पोरं पन्नीत खर्रा घोटताना दिसतात. तोंड उघडायला त्रास होणं, हिरड्या खराब होणं हे त्यांच्यात विशीच्या आतच सुरू होतं. मैदानावर पहाटे पाच किलोमीटर धावायचं आणि आठ वाजता पानठेल्यावर उभं राहायचं, हे दोन्ही एकाच शरीराकडून होत नाही. गावातल्या थोरांनी पोरांना हे रागावून न सांगता समजावून सांगावं. पण सांगावं नक्की.

हवाई दलाखेरीजही लष्करी वैमानिक असतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. भूदलाच्या आर्मी एव्हिएशन कोअरची स्थापना १ नोव्हेंबर १९८६ ची. तिचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण केंद्र आपल्याच राज्यात, नाशिकला आहे. कॅप्टन अभिलाषा बराक २०१८ साली भूदलाच्या हवाई संरक्षण शाखेत अधिकारी झाल्या, मग नाशिकला प्रशिक्षण घेऊन मे २०२२ मध्ये भूदलाच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर ठरल्या. म्हणजे आधी अधिकारी आणि मग वैमानिक, अशीही वाट आहे. नौदलाचे वैमानिक एनडीएतून येतात, तसेच अभियांत्रिकीच्या पदवीनंतर अल्पकालीन कमिशननेही येतात. त्यांची मिग-२९के विमानं गोव्याच्या आयएनएस हंसा तळावर असतात. तटरक्षक दलातही वैमानिक असतात.

निवड झाल्यावर एनडीएचा छात्र तीन वर्षं खडकवासल्यात काढून हैदराबादजवळच्या डुंडीगलला हवाई दल प्रबोधिनीत जातो. पदवीधर थेट डुंडीगलला. पहिलं विमान बहुधा स्वित्झर्लंडचं पिलाटस पीसी-७. तिथली कामगिरी आणि दलाची गरज बघून लढाऊ, मालवाहू की हेलिकॉप्टर हे ठरतं. फायटर मिळालेले पुढे बिदरला हॉक विमानावर जातात. सगळ्यांना फायटर मिळत नाही. पूर आला की गावाच्या छपरावरून माणसं उचलणारं हेलिकॉप्टरही लष्करी वैमानिकच चालवत असतो.

तयारीसाठी फार लांब जावं लागत नाही. वणी-मारेगावच्या मुलांना चंद्रपूरची सैनिकी शाळा जवळ पडते. ती २०१९ पासून सुरू आहे. सहावी आणि नववीला प्रवेश, देशभर एकच प्रवेश परीक्षा, सहावीला मुलींनाही दार खुलं. साताऱ्याची शाळा देशातल्या पहिल्या सैनिकी शाळांपैकी, १९६१ ची. दहावीनंतर मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची एसपीआय ही सैन्यसेवेची पूर्वतयारी करून घेणारी संस्था आहे. राज्य शासनाने १९७७ साली ती मराठी मुलं एनडीएत जावीत म्हणूनच काढली. अकरावी-बारावीची दोन वर्षं तिथे राहून अभ्यास, मैदान आणि मुलाखतीची तयारी होते. मुलींसाठी तशीच संस्था अलीकडे नाशिकला सुरू झाली आहे. या संस्थांचे प्रवेश अर्ज दहावीचं वर्ष चालू असतानाच निघतात. निकालाची वाट बघत बसणाऱ्याला उशीर होतो.

आणखी एका जागेबद्दल फार कमी बोललं जातं. यवतमाळात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. लोकांना ते माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या कामांसाठी माहीत आहे. पण लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन ज्याला निवड मंडळाचं बोलावणं आलं आहे, अशा महाराष्ट्रातल्या उमेदवारांसाठी शासन नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात छोटा निवासी वर्ग चालवतं. राहणं, जेवण, शिकवणं सगळं विनामूल्य. तिथे जायचा रस्ता याच कार्यालयातून जातो. खासगी अकादमीत आठ-दहा दिवसांच्या मुलाखत शिबिराला हजारो रुपये भरणाऱ्या वडिलांनी आधी या कार्यालयाचा जिना चढावा. निवड मंडळासमोर पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वेचं भाडंही परत मिळतं. तिकीट तेवढं जपून ठेवायचं.

एनडीएची जाहिरात वर्षातून दोनदा निघते, साधारणपणे डिसेंबरात आणि मे महिन्यात. डिसेंबरात यवतमाळच्या वावरात कापसाची वेचणी जोरात असते आणि घरातला प्रत्येक हात तिथे लागतो. मे महिन्यात नांगरट, वखरणी आणि बियाण्याच्या पैशांची जुळवाजुळव. अर्जाची मुदत याच गडबडीत संपून जाते. म्हणून बारावीत गेलेल्या मुलाच्या घरी एक काम दिवाळीतच उरकून ठेवावं : दहावीची सनद, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला समोरासमोर ठेवायचे आणि नावातलं अक्षर न् अक्षर, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख तिन्हींवर सारखी आहे का ते बोट ठेवून तपासायचं. फरक निघाला तर तो दुरुस्त करायला अजून महिनाभर हातात असतो.